तोच लाव पुन्हा!

मराठी माणूस नवा सिनेमा बघायचं ठरवतो तेव्हा आधी परीक्षण वाचतो, मग ज्यांनी तो पाहिलाय त्यांना विचारतो, मग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचंही मत घेतो, तिकिटाचा दर बघतो, मध्यंतरातल्या पॉपकॉर्नचा दर आठवतो आणि ‘येईल की टीव्हीवर’ म्हणून घरीच बसतो. जुन्या सिनेमाच्या बाबतीत मात्र हाच माणूस एकदम दिलदार होतो. सिनेमा अर्ध्यातून लागलेला असला तरी चालतो, मध्ये साबणाच्या जाहिराती आल्या तरी चालतात, हातात वरणभाताचं ताट असलं तरी चालतं. ‘दोनच मिनिटं बघतो’ म्हणून दारात उभा राहिलेला माणूस शेवटची पाटी येईपर्यंत तसाच उभा असतो, आणि मग गुडघे दुखतात म्हणून घरच्यांवर करवादतो.

आमची मित्रमंडळी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमते. जमण्याआधी ग्रुपवर ठराव होतो : या वेळी काहीतरी नवीन बघायचं. ठराव एकमताने मंजूर होतो, आणि एकमताने मंजूर झालेल्या ठरावांचं आपल्याकडे जे होतं तेच याचंही होतं. टीव्हीवर चार-पाच ओटीटी असतात. पैसे एकाने भरलेले, पासवर्ड सगळ्यांना पाठ. एक जण रिमोट घेऊन पोस्टरं सरकवत बसतो. कोरियन, स्पॅनिश, तुर्की. ‘हा बघू.’ ‘नको, याला रेटिंग कमी आहे.’ ‘मग हा?’ ‘यात शेवटी कुत्रा मरतो.’ असा पाऊण तास गेला की घरची वहिनी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘अहो, ते बनवाबनवी लावा एकदाचं आणि मोकळे व्हा!’ मग सगळ्यांचे चेहरे खुलतात. मनातलं बोलायला कुणीतरी लागतंच.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. दिग्दर्शन सचिन यांचं, लेखन वसंत सबनीसांचं. पुण्यात ब्रह्मचाऱ्यांना कुणी जागा देईना म्हणून चौघांपैकी दोघं बायका होतात, एवढीच गोष्ट. पण आम्ही तो बघतो असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मध्येच वीज गेली तरी आमच्याकडे तो थांबत नाही. अंधारात आम्ही पुढचा भाग चालू ठेवतो आणि वीज परत आली की मागे पडलेल्या पडद्याला गाठ म्हणतो.

अशा बैठकीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. पहिला असतो प्रॉम्प्टर. नाटकातला प्रॉम्प्टर बिचारा विंगेत लपून बसतो, आमचा सोफ्याच्या मधोमध बसतो. धनंजय माने झालेल्या अशोक सराफांनी तोंड उघडायच्या पाऊण सेकंद आधी हा वाक्य म्हणून टाकतो आणि लगेच आमच्याकडे वळून बघतो, हसलो की नाही ते. त्यातून त्याला बरीच वाक्यं चुकीची पाठ आहेत. पडद्यावर वेगळंच वाक्य आलं की तो शांतपणे म्हणतो, ‘यांनी प्रिंट बदललेली दिसते.’

दुसरा वकील. त्याला विनोद कळतो, पण भाडेकरार झाल्याशिवाय तो हसत नाही. त्याच्या मते घरमालकीण लीलाबाई काळभोरांनी केवढी जोखीम घेतली! करारनाम्याची नोंदणी नाही, अनामत रक्कम नाही, पोलिस पडताळणी नाही, लग्नाचा दाखला न बघता दोन-दोन जोडपी घरात घेतली. ‘ही केस माझ्याकडे आली असती ना, तर पहिल्याच तारखेला मी...’ एवढं बोलून तो थांबतो. पहिल्या तारखेला काय केलं असतं, असं आम्ही विचारतो. तो म्हणतो, ‘पुढची तारीख मागितली असती.’

तिसरा डॉक्टर. आधीचे घरमालक विश्वास सरपोतदार यांच्या मधुमेहावर इस्राईलहून औषध येणार होतं, हा विषय निघाला की तो अस्वस्थ होतो. रुग्णाने चालायला जावं, भात कमी करावा, इस्राईलच्या नादी लागू नये, असं तो पडद्याकडे बघून कळकळीने सांगतो आणि सांगता सांगता तिसरा बटाटेवडा उचलतो.

चौथा बँकेतला. तो पाट्या पडायला लागल्या की झोपतो आणि पार्वतीच्या खोट्या डोहाळजेवणाला बरोबर जागा होतो. एरवी त्याला उठवायचं तर ‘सत्तर रुपये’ एवढे दोनच शब्द म्हणायचे. सरपोतदारांचे औषधापायी ‘वारलेले’ सत्तर रुपये आठ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते तर २०२५ साली बाराशेच्या घरात गेले असते, हा हिशेब त्याने झोपेत केलेला आहे.

या सत्तरने तर आमचं जगणं मुश्कील केलंय. वाक्य कुणी म्हणावंच लागत नाही, नुसता आकडा पुरतो. चहाचं बिल सत्तर झालं, हसलो. डॉक्टरकडे वजन केलं, सत्तर भरलं, हसलो. एकदा रिक्षाच्या मीटरवर सत्तर आले आणि मागे बसलेले आम्ही तिघं पन्नाशीचे गृहस्थ खिदळायला लागलो. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. वाटलं, चिडणार. तो म्हणाला, ‘साहेब, द्या आता, नाहीतर वारतील.’

मंडळीत एक मैत्रीण आहे. ती बोलली की बाकीच्यांचं काम थांबतं. ती म्हणते, ‘तुम्ही सगळे धनंजय माने व्हायला निघालेले, पण त्याला पगार कोण देतं? माधुरी देते. दुकान तिचं, निर्णय तिचे, आणि तुमच्या लक्षात काय राहिलं? लिंबू रंगाची साडी!’ आम्ही वड्यात तोंड घालतो. ती पुढे म्हणते, ‘आणि दोन पुरुषांची साडीत धड चालताना, पदर सांभाळताना, घरमालकिणीशी गोड बोलताना जी तारांबळ उडते, त्याला तुम्ही विनोद म्हणता. आम्ही त्याला मंगळवार म्हणतो.’

वहिनीच्या मुलीने हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला त्यात काहीच विनोदी वाटलं नव्हतं. ‘जागाच शोधायची ना? मग ॲपवर शोधायची,’ असं तिचं म्हणणं. पुढे ती नोकरीसाठी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. ‘फक्त कुटुंबासाठी’, ‘मुलींना दहाच्या आत’, ‘अंडी चालणार नाहीत’, ‘पाहुणे चालणार नाहीत’, असल्या अटी वाचत तिने जागा पाहिल्या. सुट्टीत घरी आल्यावर आपण होऊन सिनेमा लावला आणि संपल्यावर गंभीरपणे म्हणाली, ‘बाबा, ही डॉक्युमेंटरी आहे.’

आमच्या पिढीने हे सिनेमे पाहिले कसे, हेही सांगायला हवं. चाळीत किंवा सोसायटीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा. भाडं रात्रीचं, त्यामुळे झोपणं म्हणजे पैसे पाण्यात. एका रात्रीत तीन-चार कॅसेट संपवायच्याच. पहिला सिनेमा डोळे फाडून, दुसरा डोळे चोळून आणि तिसरा डोळे मिटून पाहिला जायचा. त्यामुळे आमच्या बँकवाल्याच्या डोक्यात ‘धुमधडाका’ आणि ‘दे दणादण’ हा एकच सिनेमा आहे, आणि त्याच्या मते तो फार मोठा होता.

गणपतीत रस्त्यावर आडवा पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवायचे. सरळ बाजूला मंडळाचे कार्यकर्ते, देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक. आम्ही पलीकडच्या बाजूला. तिथून पाट्या उलट्या दिसायच्या, पण अभिनयाला उलटसुलट नसतं. फक्त अशोक सराफ डावखुरे आहेत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे त्यांना महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा प्रॉम्प्टरने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. सरकार वेळेवर जागं झालं याचा आनंद आहेच, पण पडद्याच्या उलट्या बाजूने आम्ही हा निर्णय कधीच घेऊन टाकला होता.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. ‘अंदाज अपना अपना’ ४ नोव्हेंबर १९९४ रोजी प्रदर्शित झाला आणि पडला. आमिर खान, सलमान खान, राजकुमार संतोषींचं दिग्दर्शन, सगळं असून पडला. पण आज पन्नाशीच्या कुठल्याही घोळक्यात विचारा, प्रत्येकाने तो थिएटरातच पाहिलेला असतो, तोही पहिल्या आठवड्यात. जेवढे लोक हे सांगतात तेवढे त्या वेळी खरोखर गेले असते, तर त्याचा सुवर्णमहोत्सव झाला असता. आमच्यातही हा दावा सगळ्यांनी केला. वकिलाने उलटतपासणी घेतली. ‘थिएटर कोणतं?’ ‘आठवत नाही, पण बाल्कनीत बसलो होतो.’ ‘कुणाबरोबर?’ ‘तुझ्याबरोबर.’ ‘मी तेव्हा कोल्हापुरात होतो. बरं, ऐन दिवाळीत आईने फराळ सोडून सिनेमाला जाऊ दिलं?’ इथे साक्षीदार फुटला. त्याने तो दोन वर्षांनी केबलवर पाहिला होता, तोही अर्ध्यातून. म्हणजे तेजा खरा की रामगोपाल बजाज खरा, हा घोळ त्याच्यासाठी सुरुवातीपासूनच होता. वकिलाने स्वतः तो कुठे पाहिला हे मात्र अजून बाहेर आलेलं नाही, कारण प्रश्न तोच विचारतो.

२०२५च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि आम्ही सगळे गेलो. दावा कायदेशीर करून घ्यायची ती संधी होती. थिएटर भरलेलं. सिनेमाचा आवाज मात्र कुणालाच ऐकू आला नाही, कारण अख्खं प्रेक्षागृह प्रॉम्प्टर होतं. आमच्या प्रॉम्प्टरची फार पंचाईत झाली. त्याच्या पाठांतरातल्या चुका चारशे लोकांनी एकदम दुरुस्त केल्या.

सिनेमा पडला, असे अंदाज जाणकारांचेही पूर्वी चुकलेत. १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला तेव्हा पहिल्या काही दिवसांत चित्रपटव्यवसायातल्या मंडळींनी तो पडला म्हणून सांगून टाकलं होतं. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला आणि गाण्यांप्रमाणे त्याच्या संवादांच्याही रेकॉर्डी निघाल्या. आमच्या प्रॉम्प्टरच्या वडिलांकडे तसली रेकॉर्ड होती. म्हणजे हा आजार आनुवंशिक आहे, असं डॉक्टरांचं निदान.

‘शोले’वरून आमचा लाडका विषय निघतो : कल्ट सिनेमाचा खरा नायक कोण? अमिताभ, आमिर, नसीर, लक्ष्या अशी नावं येतात, आवाज चढतात, वहिनी दार लावून घेते. हा वाद मैत्रिणीने एकदा शाळेतल्या गणिताने मिटवला. म्हणाली, ‘मसावि काढा.’ ‘शोले’मध्ये कालिया कोण? विजू खोटे. ‘अंदाज अपना अपना’मधला रॉबर्ट? विजू खोटे. ‘बनवाबनवी’तला बळी? विजू खोटे! तीन पिढ्यांचे तीन सिनेमे, तिन्हींत छोटी भूमिका आणि तिन्हींत माणूस लक्षात राहिलेला. दुर्गा खोटे ज्या घरच्या सून, त्याच घराण्यातला हा माणूस २०१९ साली गेला, तोपर्यंत लोक त्याला रस्त्यात कालिया म्हणूनच हाक मारत. नायकाच्या नावावरून भांडणं होतात. विजू खोट्यांच्या नावावर मात्र टाळ्या पडतात. दुसरा क्रमांक सचिन यांचा, कारण ‘शोले’तला इमामसाहेबांचा कोवळा अहमद तेच आणि तेरा वर्षांनी साडी नेसून लीलाबाईंना फसवणारा सुधीरही तेच. ठाकूरच्या रामगढपेक्षा पुण्याचे घरमालक जड गेले असणार.

एवढ्यात आमचा कुरोसावा तोंड उघडतो. हे टोपणनाव त्याने स्वतः घेतलेलं नाही, पण नाकारलेलंही नाही. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे उन्हाळ्यात होणारा चित्रपट रसास्वादाचा वर्ग त्याने तरुणपणी केला आणि तेव्हापासून त्याला कुठल्याच सिनेमाचा आस्वाद घेता आलेला नाही. आपण हसत असलो की तो खोकतो आणि म्हणतो, ‘हे मुळात कुठलं आहे माहितीये?’

त्याची माहिती पक्की असते, हे कबूल करावं लागतं. ‘बनवाबनवी’च्या आधी १९६६ साली हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ येऊन गेला होता. महेश कोठारेंचा १९८५चा ‘धुमधडाका’ हा श्रीधर यांच्या १९६४च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ सिनेमावरून, आणि मध्ये ‘प्यार किये जा’ या हिंदी थांब्यावरून आलेला. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे शरद तळवलकरांना भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगून घाम फोडतात, तो प्रसंग तमिळमध्ये नागेश आणि बालय्यांनी केला, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी. ‘झपाटलेला’ १९९३चा, त्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’मधली बाहुली सुरा घेऊन हिंडत होती.

‘मग?’ मैत्रीण विचारते. ‘उकडीच्या मोदकाला तांदूळ कुठला होता, हे तू गणपतीला सांगत बसणार का? कळ्या पाडल्या कुणी ते बघ.’ कुरोसावा गप्प होतो, कारण त्याला मोदक आवडतात.

तिचं म्हणणं खरंच आहे. अमेरिकेतल्या बाहुलीला लोक भ्यायले. आपल्याकडे रामदास पाध्ये यांनी बाहुला केला, दिलीप प्रभावळकरांनी गुंडाचा आत्मा दिला, आणि नाव काय ठेवलं? तात्या विंचू! विंचवाची भीती वाटावी तर आधी तात्या येतात. त्यामुळे त्या बाहुल्याने कितीही डोळे वटारले तरी मराठी पोरांना एकाच वेळी घाबरायचं आणि जेवलात का म्हणून विचारायचं, अशा दोन्ही इच्छा व्हायच्या. रात्री मात्र आम्ही कपाटावरचा बहिणींच्या बाहुल्यांचा सगळा संसार खाली उतरवून गच्च बांधून ठेवत असू. कुरोसावानेही ठेवला होता. ते तो रसास्वादाच्या वर्गात बोलला नव्हता.

खलनायकांची नावं ठेवण्यात कोठारेंचा हात धरणारा झाला नाही. १९८९च्या ‘थरथराट’मध्ये टकलू हैवान, पुढच्या वर्षी ‘धडाकेबाज’मध्ये कवट्या महाकाळ. ‘धडाकेबाज’ हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप सिनेमा, त्यात बाटलीत राहणारा चिमुकला गंगाराम होता, पण आमच्या वकिलाच्या लक्षात त्यातलं दुसरंच काही आहे. त्याचं गाव सांगली जिल्ह्यात, तालुका कवठे महांकाळ. तो पुण्याला शिकायला आला आणि हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी कुणीतरी तालुका विचारला. पुढची पाच वर्षं त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारली नाही. वकिलीकडे तो वळला तो बदनामीचा कायदा शिकायला, असं आमचं मत आहे.

रात्र चढते तसे विषय खोल जातात. दहाच्या सुमाराला राजकारण निघतं, आणि राजकारण निघालं की ‘सिंहासन’ लागतो. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, साल १९७९. राज्यात सरकार डळमळलं की निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस लोकांच्या फोनमधून हिंडायला लागतो. इतकी वर्षं कामावर असलेला आणि निवृत्त न होणारा तो राज्यातला एकमेव पत्रकार असावा. एकदा आम्ही सिनेमा बघत असताना शेजारचे काका आले, बराच वेळ उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, ‘आजची बातमी आहे का?’ आम्ही सांगितलं, सिनेमा आहे. ते म्हणाले, ‘तरीच! म्हटलं, एका वेळी एकच माणूस कसा बोलतोय?’

‘जाने भी दो यारों’चंही तसंच. कुंदन शाहांनी १९८३ साली एनएफडीसीच्या तुटपुंज्या पैशांत केलेला, बिल्डर, अधिकारी आणि कोसळणारा पूल यांच्यावरचा सिनेमा. त्यातलं डिमेलोचं प्रेत रस्त्यावरून घरंगळतं, पुढे महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभं राहतं, आणि अख्खी सभा तिच्यावरून भांडते. मेल्यावर माणसाचं शरीर इतका वेळ इतकं सोयीस्कर कसं राहील, यावर डॉक्टर वैद्यकीय टिपण करतात. आम्ही त्यांना सांगतो की सिनेमात तेवढी एकच गोष्ट अशक्य आहे, पुलाबद्दल बोलू नका.

‘माहेरची साडी’ हा विषय पुरुषमंडळी चेष्टेसाठी काढतात. विजय कोंडके यांचा हा १९९१चा सिनेमा, अलका कुबल यांचे अश्रू आणि उषा नाडकर्णींची सासू. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून घेतलेला, हे कुरोसावाने सांगायचं ते सांगितलंच. एकदा आम्ही मुद्दाम खिल्ली उडवायची म्हणून तो लावला. मोठ्या ताटात कांदाभजी, प्रत्येकाकडे तयार कोट्या. पहिल्या वीस मिनिटांत कोट्या झाल्या. मग हळूहळू आवाज बंद झाले. सिनेमा संपला तेव्हा भजी गार पडली होती, आणि बँकवाला पूर्णवेळ जागा होता. मैत्रिणीने फक्त ताट उचललं आणि म्हणाली, ‘गरम करून आणते. तुम्ही तोंडं धुऊन घ्या.’

मध्यरात्रीनंतर सभ्य माणसांनी घरी जायचं असतं, कारण तेव्हा ‘गुंडा’ लागतो. कांती शाहांचा १९९८चा सिनेमा. मिथुन चक्रवर्ती नायक, आणि प्रत्येक खलनायक स्वतःची ओळख यमकात करून देणारा. आपल्या मोहन जोशींनी त्यात पोते नावाचा गुंड रंगवलाय. मोरोपंतांनंतर यमकाचा इतका सोस भारतीय कलेत दिसला नसेल. आला तेव्हा फारसा कुणी बघितला नाही, पुढे इंटरनेटच्या जमान्यात पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. आश्चर्य म्हणजे दिवसभर सगळ्या सिनेमांना नावं ठेवणारा कुरोसावा या एका सिनेमापुढे हात जोडून बसतो. याच्यात ब्रेख्त आहे म्हणतो. ब्रेख्त कोणत्या भूमिकेत आहे, ते बँकवाला विचारतो. मैत्रीण म्हणते, ‘याला वर्गात पाठवायच्या आधी एकदा गुंडा दाखवला असता तर फी वाचली असती.’

एवढं सगळं होऊन निघताना चपला शोधत आम्ही दर वेळी एकाच मुद्द्यावर येतो : आताचे सिनेमे असे का होत नाहीत? हा प्रश्न आमच्या वडिलांनीही विचारला होता. आम्ही ‘धुमधडाका’ बघत होतो आणि ते राजा परांजप्यांच्या नावाने सुस्कारे टाकत होते. त्यांच्या वडिलांनी बहुधा बोलपट आल्यावर मूकपटांसाठी टाकले असतील. या प्रश्नाला मैत्रिणीने परवा जे उत्तर दिलं, त्याने चपला घालता घालता सगळे थांबले. ती म्हणाली, ‘कल्ट सिनेमा दिग्दर्शक करत नाही. तो फक्त सिनेमा करतो. पुढचं काम रिकामटेकडे मित्र करतात, आणि तेही उशिरा. शोलेला लोकांनी आठवडाभर ताटकळत ठेवलं, अंदाज अपना अपनाला तीस वर्षं, गुंडाला तर त्याच्या नशिबावर सोडलं. तुम्ही आजवर कुठलाही सिनेमा वेळेवर ओळखलेला नाही.’

यावर वकिलालाही पुढची तारीख मागता आली नाही.

तेव्हा वाचकहो, जुने सिनेमे जरूर लावा, वडे करा, सत्तरवर हसा. पण याच आठवड्यात तुमच्या गावातल्या थिएटरात दुपारच्या खेळाला सात-आठ टाळकी घेऊन एखादा विचित्र, वेडा, कुणी नाव न घेतलेला मराठी सिनेमा चालू असेल. शुक्रवारपर्यंत तो उतरेल. त्यातलाच एखादा २०५५ साली तुमच्या नातवंडांना तोंडपाठ असणार आहे. आत्ताच तिकीट काढून बघून या. ‘मी तो थिएटरातच पाहिला होता’ हे वाक्य निदान एकदा तरी खरं बोलायला मिळेल.